प्रत्यय कानाने शिकवावा

(धार येथील मराठी मंडळींच्या वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘प्राथमिक शाळेतील इंग्रजी’ असे छापले आहे. एवढा थोरला विषय मी मांडणार नाही. इंग्रजी पहिलीपासून असावे की नसावे, यावर महाराष्ट्रात २००० साली घसा बसेपर्यंत वाद झाला. मातृभाषेबद्दल तुमचे-माझे मत एकच आहे. आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला इथल्या निम्म्या लोकांनी घोकलेली असणार. ते सगळे तुम्हांला ठाऊक आहे, म्हणून सोडून देते. मला एकच गोष्ट सांगायची आहे: लहान मुलांना इंग्रजीचे ध्वनी आणि इंग्रजीचे व्याकरण एकाच तासाला, एकत्र शिकवावे.

शाळेत या दोन गोष्टी कशा वेगळ्या पडतात, हे देवासहून आलेल्या मंडळींना लगेच कळेल. गाव एक, पण थोरली पाती वेगळी, धाकटी पाती वेगळी. राजे दोन, कारभार दोन. १९४८ साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. शाळेच्या वेळापत्रकात मात्र त्या अजून शाबूत आहेत! (हशा) सोमवारी ‘फोनिक्स’: एस म्हणजे स्स्स, सापासारखा. गुरुवारी ‘ग्रामर’: अनेकवचन करताना एस लावा. सोमवारचा एस आणि गुरुवारचा एस यांची गाठ कोणी घालून देत नाही.

आता माझ्याबरोबर म्हणा. कॅट, कॅट्स. शेवटी काय आले? स. आता डॉग. डॉग्ज. इथे स आला का? नाही, ज आला. ‘जवळ’मधला ज, ‘जेवण’मधला नव्हे. आणि बस? बसिज. लिहायला एस, फार तर ईएस. ऐकायला तीन वेगळे आवाज. हे कशामुळे होते? सगळ्यांनी दोन बोटे गळ्यावर ठेवा. अहो, ठेवा, शेजारी काय म्हणेल याचा विचार करू नका. (हशा) नुसता ट् म्हणा, मागे अ येऊ देऊ नका. गळा शांत आहे ना? आता ज म्हणा, ‘जवळ’चा, लांबवून. गळा थरथरला. ग्, ड्, ब् यांचीही जात हीच. थरथरणाऱ्या आवाजाच्या शेजारी बसलेला एससुद्धा थरथरू लागतो. शांत आवाजाशेजारी तो शांत राहतो; ‘बस’मध्ये मात्र आधीच स असल्याने मध्ये इ येते.

मराठी शाळेतल्या मुलाला यातले अर्धे आधीच येत असते, हे आपण विसरतो. वर्णमालेच्या तक्त्यात प्रत्येक वर्गातली पहिली दोन अक्षरे अघोष आणि पुढची तीन घोष असतात. वाक् आणि ईश मिळून वागीश होतो, तो याच शेजारधर्माने. तिथे आधीचा शब्द बदलतो, इंग्रजीत मागून आलेला प्रत्यय बदलतो, एवढाच फरक.

आणि हे मी धारेत उभी राहून सांगते आहे! भोजशाळेतल्या नागबंधांबद्दल मी दोनच वाक्ये बोलणार होते. त्या वास्तूच्या वादात मला शिरायचे नाही. मी दगडावरच्या अक्षरांबद्दल बोलते. धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या कोरीव लेखांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यांत सापाच्या वेटोळ्यांत कोरलेले दोन लेख आहेत, हेच ते नागबंध. एकात वर्णमाला आहे आणि तिच्याच सोबत नामांचे व क्रियापदांचे मुख्य प्रत्यय. दुसऱ्यात दहा लकारांचे, म्हणजे क्रियापदाच्या काळ-अर्थांचे, प्रत्यय. उदयादित्य आणि नरवर्मा या परमार राजांची नावे तिथे आहेत, आणि राजाची तलवार वर्णांच्या रक्षणासाठी आहे असा श्लेष आहे. वर्ण म्हणजे समाजातले वर्ण आणि वर्ण म्हणजे अक्षरेही. असाच नाग उज्जैनला महाकाल मंदिरात आहे, निमाडात ऊनलाही आहे.

मी चौथीत असताना आजोबांनी मला भोजशाळेत नेले होते. ते संस्कृतचे मास्तर. मला वाटले होते, आता श्लोक पाठ करावा लागणार. त्यांनी मला खांबासमोर उभे केले आणि हवेत बोटाने तो साप काढायला लावला, बोट न थांबवता. अक्षरांवरून निघालेले बोट वेटोळ्या-वेटोळ्याने प्रत्ययांवर गेले. मी विचारले, “आजोबा, अक्षरे संपली कुठे आणि व्याकरण सुरू कुठे झाले?” ते म्हणाले, “सापाला विचार.” त्या दिवशी मला ते थट्टेचे वाटले. पुढे तीस वर्षे देवास जिल्ह्यात मुलांना शिकवले, तेव्हा त्या उत्तराची किंमत कळली. ज्याने हा नाग आखला, त्याला ध्वनी आणि प्रत्यय दोन तासांत वाटायचे नव्हते. माझ्या मताचा उगम त्या खांबापाशी आहे, म्हणून मी इथे रेंगाळले.

असो. वर्गात परत जाऊ. तिसरीतली एक मुलगी, माळवी बोलणाऱ्या घरातली, ‘वॉक्ट’ हा शब्द ‘वाल्केड’ असा वाचायची, आणि ‘प्लेड’ म्हणताना ‘प्लेयेड’. त्या शाळेने तिला ते शब्द पन्नास वेळा लिहायला लावले होते. शाळेचे नाव घेत नाही. मुलीने मला विचारले, “बहनजी, हा शेवटचा ईडी कधी बोलतो आणि कधी गप्प बसतो?” इतका नेमका प्रश्न मला कोणत्याही प्रशिक्षण शिबिरात कोणी विचारला नाही. तिला व्याकरण येत नव्हते असे नाही. भूतकाळ तिला कळत होता, पण त्याचा आवाज तिला कोणी ऐकवला नव्हता.

न ऐकलेला प्रत्यय मूल वापरत नाही. आपल्या भाषेत एक दगड, दोन दगड. हिंदीत एक घर, दो घर. मग ‘टू डॉग’ म्हणणाऱ्या मुलाचे काय चुकले? त्याच्या कानाला तिथे काही कमी पडल्याचे जाणवतच नाही. लाल शाईची फुली त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही.

१९५८ साली जीन बर्को या अमेरिकन संशोधक बाईंनी मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवले. नाव ठेवले ‘वग’. असे दोन प्राणी असतील तर काय म्हणाल, असे विचारले. तो शब्द मुलांनी कधीही ऐकला नव्हता, तरी बहुतेकांनी ‘वग्ज’ म्हटले, शेवटी थरथरणारा ज लावून. त्यांना नियम कोणी शिकवला नव्हता, पण ती इंग्रजी ऐकत वाढली होती. आपली मुले इंग्रजी ऐकत वाढत नाहीत, म्हणून त्यांना तो आवाज वर्गात ऐकवायचा.

पहिल्या रांगेतले एक निवृत्त मुख्याध्यापक मघापासून मान हलवत आहेत. त्यांचे म्हणणे मला माहीत आहे: सहा वर्षांच्या पोराला व्याकरण कशाला? सर, मी व्याख्या पाठ करून घ्या असे म्हणत नाही. ‘नाउन’ हा शब्दसुद्धा उच्चारू नका. पण फोनिक्सच्या प्रचलित क्रमात पहिले सहा ध्वनी येतात ते स, अॅ, ट, इ, प, न. एवढ्यांतून पिन होते, टॅप होतो. मग पहिल्याच पंधरवड्यात टेबलावर एक पिन ठेवा, नंतर दोन. पिन, पिन्ज. टॅप, टॅप्स. गळ्यावर बोट. ध्वनीचा पाठ झाला आणि अनेकवचनही झाले. यात मुलावर कोणता भार पडला, ते मला सांगा. (टाळ्या)

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे. माळव्यातल्या ‘इस्कूल’बद्दल बोलायचे होते, ते राहिले. कुक्षी-मनावरकडच्या भिली बोलणाऱ्या मुलांबद्दल तर स्वतंत्र व्याख्यान हवे. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तेवढे देते. ईडी कधीच गप्प बसत नाही. शांत आवाजानंतर तो ट होतो: वॉक्ट. थरथरत्या आवाजानंतर ड होतो: प्लेड. आणि आधीच ट किंवा ड असेल तर मध्ये इ घेऊन येतो: वॉन्टिड. तिला हे एका दुपारी समजले, आणि दुसऱ्या दिवशी तिने ते धाकट्या भावाला शिकवले.

इथे पंधरा-वीस शिक्षक बसलेले मला दिसतात. उन्हाळ्याची सुटी संपून शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात एवढे करा: इंग्रजीच्या तासाला वर्णमालेचा जुना तक्ता भिंतीवर लावा, अघोष आणि घोष अक्षरांना दोन रंग द्या, आणि दोन पिना टेबलावर ठेवा. काय झाले ते मला कळवा. दिवाळीपर्यंत मी धारेतच आहे. बोलवाल त्या वर्गात येईन.