औषधनिर्माणशास्त्राचा प्रवेश : बारावी आणि सीईटी

औषधनिर्माणशास्त्राच्या चार वर्षांच्या पदवीसाठी महाराष्ट्रात बारावीचे गुण पात्रता ठरवितात. गुणवत्ता यादीतील स्थान मात्र मुख्यत्वे सीईटीवर अवलंबून असते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित वा जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गास ४५, तर राज्यातील मागासवर्गीयांस ४० टक्के गुण आवश्यक आहेत. ते हुकले, तर सीईटीतील ९० पर्सेंटाईलही निरुपयोगी. हे ९० म्हणजे टक्के नव्हेत. शंभरांतील नव्वद परीक्षार्थी त्या गुणांवर वा त्यांखाली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पालकांची गल्लत बहुधा येथेच होते. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, तेव्हा प्रश्न कोरा सोडण्यात निव्वळ तोटाच. दोन वर्षांच्या पदविकेची यादी बारावीच्याच गुणांवर लागते आणि पदविकाधारकास पुढे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो.