आपला कंठ, आपली तबकडी



सिएटलच्या विद्यापीठातील 'केसीएमयू' या लहानशा नभोवाणी केंद्रावर ब्रूस पॅव्हिट १९८० च्या दशकात 'सब पॉप' या नावाने संगीत-कार्यक्रम सादर करीत. मोठ्या कंपन्यांच्या दारी ज्यांना थारा नव्हता, असे कलावंत तेथे ऐकू येत. त्याच नावाने त्यांनी १९८६ मध्ये तबकडी काढली. १९८९ मध्ये 'निर्वाणा' या वाद्यवृंदाचा पहिला गीतसंग्रह याच संस्थेने प्रसिद्ध केला; ध्वनिमुद्रणाचा खर्च अवघा ६०६ डॉलर!

आमच्या वृद्ध मातांनी जात्यावर गायिलेल्या बाबासाहेबांच्या ओव्या मात्र अजून त्यांच्या कंठातच आहेत. त्या मावळल्या की ओव्याही मावळतील. मग आम्ही कोणाची वाट पाहावी? येत्या जयंतीपूर्वी प्रत्येक घरातील एक ओवी आम्ही ध्वनिमुद्रित करू, हाच आमचा संकल्प.

जय भीम! जय भारत!