आधी तिला विचारा



मराठवाड्यातल्या डॉक्टरांच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद दिल्याबद्दल मी परभणीकरांचा ऋणी आहे. अध्यक्षाने वर्षभराच्या प्रगतीचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. तो छापील अहवालात आहेच. मी माझा वेळ एकाच गोष्टीसाठी घेणार आहे. ती गेली कित्येक वर्षं माझ्या मनात खदखदते आहे.

अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम हा आजार आपण 'दुर्मीळ' म्हणून बाजूला ठेवला आहे. लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी 1983 साली तो नीट मांडला. शरीर स्वतःविरुद्धच प्रतिपिंडं तयार करतं आणि रक्त नको तिथे गोठतं. पायाच्या शिरेत गुठळी झाली तर पाय सुजतो, मेंदूच्या धमनीत झाली तर लकवा होतो, वार बिघडली तर लेकरू पोटातच दगावतं. आजार एकच, पण सुजलेला पाय सर्जनकडे जातो, लकवा फिजिशियनकडे आणि गर्भपात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. तिघंही आपापलं काम मन लावून करतात आणि आजार मधल्या मध्ये निसटतो. माझी तक्रार हीच आहे.

गंगाखेडकडची एक ऊसतोड कामगार बाई डावा हात-पाय लुळा पडून माझ्याकडे आली. तिशीसुद्धा गाठली नव्हती. सोबत जाडजूड फाइल होती: सीटी स्कॅन, साखर, कोलेस्टेरॉल, हृदयाची टूडी-एको, सगळं होतं. तिची किती लेकरं गेली, हे मात्र एकाही कागदावर नव्हतं. मी सासूला विचारलं. ती म्हणाली, "तीन गेले, डॉक्टरसाहेब. एक तर सातव्या महिन्यात." फाइलच्या तळाशी व्हीडीआरएल पॉझिटिव्ह असल्याचा जुना रिपोर्ट सापडला. त्यावरून नवरा-बायकोला गरमीची (सिफिलिसची) इंजेक्शनं देऊन झाली होती आणि घरात तिच्या चारित्र्यावर संशय घेऊन झाला होता. व्हीडीआरएल चाचणीत वापरतात ते कार्डिओलिपिन हे एक फॉस्फोलिपिडच आहे. त्यामुळे या आजारात ही चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. तिच्या प्लेटलेट कमी होत्या. ल्युपस अँटिकोॲग्युलंट हे या आजारातलं एक प्रतिपिंड पॉझिटिव्ह आलं आणि 12 आठवड्यांनी पुन्हा पॉझिटिव्ह आलं. निदान झालं ते एका प्रश्नामुळे. तो प्रश्न सातव्या महिन्यातलं लेकरू गेलं तेव्हाच कुणी विचारला असता, तर आज तिच्या हातात बळ असतं.

सकाळच्या सत्रात काही मित्र म्हणाले, या आजाराच्या 2023 च्या अमेरिकी-युरोपीय निकषांत सुरुवातीच्या गर्भपातांना फारसं वजन नाही, मग तपासण्यांचा खर्च कशाला? मित्रांनो, ते निकष संशोधनासाठी रुग्ण निवडायला केलेले आहेत. आपल्यासमोर बसलेल्या बाईला उपचार नाकारण्यासाठी ते वापरू नका. लंडनमध्ये 1997 साली वारंवार गर्भपात झालेल्या आणि ही प्रतिपिंडं असलेल्या 90 स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात नुसत्या ॲस्पिरिनवर 42 टक्के गर्भ टिकले, ॲस्पिरिनसोबत हेपारिन दिल्यावर 71 टक्के. हा फरक कित्येक घरांत एका लेकराचा असतो.

दुसरा वाद रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्यांचा. रिव्हॅरॉक्सॅबनसारख्या नव्या गोळीला वॉरफरिनसारखा आयएनआर तपासावा लागत नाही, म्हणून ती सोयीची, हे मलाही मान्य आहे. पण या आजाराची तिन्ही प्रतिपिंडं असलेल्या रुग्णांवर रिव्हॅरॉक्सॅबनची इटलीतली चाचणी गुठळ्या वाढल्यामुळे मध्येच थांबवावी लागली, हे 2018 मध्ये प्रसिद्ध झालं आहे. माझ्याच एका रुग्णाने, जिंतूरकडच्या तरुणाने, ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाताना वॉरफरिन सोडून ती गोळी सुरू केली. संक्रांतीच्या आत दुसरा झटका आला. माझ्यापुरता हा वाद तिथेच मिटला.

आपल्या पुस्तकांतलं या आजाराचं चित्र मुख्यतः युरोपातल्या 1000 रुग्णांच्या अभ्यासावरून उभं राहिलं आहे, आणि ते रुग्ण जवळजवळ सगळे गोरे होते. त्यांच्यात पायाच्या शिरेतली गुठळी पुढे होती. जपानी डॉक्टरांनी 2012 मध्ये दाखवलं की त्यांच्याकडे धमनीतल्या गुठळ्याच जास्त आहेत. मग सेलू-पाथरी-पालमच्या माणसाचं चित्र कोण काढणार? ते काम आपलंच आहे.

त्यासाठी जिल्ह्याची एक सामायिक नोंदवही हवी. परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या तरुणांनी ती हाती घ्यावी. ल्युपस अँटिकोॲग्युलंटसाठी रक्त काढल्यावर काही तासांतच प्लाझ्मा वेगळा करावा लागतो. रात्रभर बसने पुण्या-मुंबईला गेलेल्या नळीवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून ही सोय इथेच व्हायला हवी. तपशील आपण पुढे बसून ठरवू.

पण एका कामाला ना निधी लागतो, ना यंत्र. तरुण बाईला लकवा झाला असेल, पाय सुजला असेल, प्लेटलेट विनाकारण कमी असतील, तर तिला विचारा: बाई, किती वेळा दिवस गेले आणि किती लेकरं हाती लागली? आणि जिची लेकरं टिकत नाहीत तिला विचारा: कधी पाय सुजला होता का, कधी हात-पाय लुळा पडला होता का? उत्तर केस पेपरच्या पहिल्या पानावर लिहा. उद्याच्या ओपीडीपासून सुरुवात करा, एवढीच माझी हात जोडून विनंती आहे.