विमा आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया
(रुग्णांच्या नातेवाईकांच्या मेळाव्यातील भाषण)



'विमा आहे, तेव्हा सर्व खर्च मिळेल' या समजुतीने अनेक कुटुंबे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी येतात आणि बिल पाहून गोंधळतात. २०२० साली सुरू झालेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीचे उदाहरण घेऊ. तीत मोतीबिंदूसाठी प्रथम २४ महिने थांबावे लागते. त्यानंतरही प्रत्येक डोळ्यामागे विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यांपैकी कमी असेल तीच मर्यादा. एक लाखाच्या विम्यावर ती २५,००० रुपयेच होते; शिवाय मान्य रकमेतील ५ टक्के वाटा रुग्णाने उचलायचा असतो. चष्म्याचा खर्च मिळत नाही.

म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरविण्यापूर्वी पॉलिसीची प्रत घेऊन आमच्या समाजसेवा विभागात यावे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक नुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. उरलेली तूट भरून काढण्यास देणगीदारांचा हातभार मोलाचा ठरतो.

केवळ पैशांअभावी शस्त्रक्रिया लांबवू नये. मोतीबिंदू फार पिकल्यास ती अधिक जोखमीची होते, ही नम्र विनंती.