दिसणारी बाजू आणि दुधाची बाजू



आजचा विषय वर्कशॉपमधला आहे, पण त्याचा धागा आपल्या घरातल्या दुधापर्यंत येतो, म्हणून तो या मंचावर मांडतो आहे. टिग वेल्डिंगने, ज्याला आपल्याकडे शेडमध्ये सगळे नुसतं ‘आर्गन’ म्हणतात, एक जोड मारून झाला. जोड पक्का आहे, पण त्यावरच्या लहरी एकसारख्या पडलेल्या नाहीत. मग रॉड न देता त्याच जोडावरून नुसती टॉर्च फिरवायची, वरचा धातू पुन्हा वितळवायचा आणि तो गुळगुळीत करून घ्यायचा. हे करावं की करू नये?

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. केवळ दिसण्यासाठी करू नये. धातूत काय बिघडलं आहे आणि पुन्हा वितळवल्याने ते कसं दुरुस्त होणार, हे ज्याला सांगता येईल त्याने जरूर करावं.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टॉर्चच्या टोकाला टंगस्टनची टोकदार कांडी असते. टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे विजेच्या आर्कच्या धगीत ते टिकून राहतं आणि खालचा धातू मात्र वितळतो. भोवतीच्या चिनी मातीच्या कपातून आर्गन वायू येतो आणि हवेला दूर ठेवतो. वेल्डरच्या एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात जोडात भर घालणारा धातूचा रॉड. रॉडचं टोक वितळलेल्या धातूच्या रसात बुडवायचं, मागे घ्यायचं, टॉर्च किंचित पुढे न्यायची, पुन्हा बुडवायचं. दर खेपेला मागचा रस थिजतो आणि एक लहर उमटते. अमेरिकेत नॉर्थ्रॉप कंपनीत रसेल मेरिडिथ यांनी १९४१ च्या सुमारास ही पद्धत मॅग्नेशियमसाठी बसवली, तेव्हा वायू हेलियम होता. पेट घेणारा धातू हवेपासून वाचवून जोडायचा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. लहरींची देखणी रांग हा त्या कामाचा मागाहून झालेला लौकिक.

आता दुधाचा पाइप घेऊ, कारण तो मी पुष्कळदा हातात धरून तपासला आहे. ३०४ एल स्टेनलेस, दोन इंची, भिंत दीड मिलिमीटरच्या आसपास. बाहेरची बाजू कपातला आर्गन सांभाळतो. आतल्या बाजूला मात्र हवा असून चालत नाही. म्हणून दोन्ही टोकं बंद करून आत वेगळा आर्गन सोडतात, त्याला पर्जिंग म्हणतात. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. आतला ऑक्सिजन दहा लाखांत पन्नासेक भागांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरवावा लागतो. त्याला वेळ लागतो, गॅस लागतो, आणि गॅसला पैसे पडतात. जोड पुरा झाला की नळी निघते, बुचं निघतात, पाइप स्टँडवर जातो. आणि मग सुपरवायझर येतो.

“हे दोन जोड ओबडधोबड दिसतायत रे. वरून एकदा फिरव. पार्टी उद्या बघायला येतेय.”

“साहेब, पर्जिंग काढलंय.”

“वरच्यावर फिरव. आत कुठं जातंय?”

जातं. दीड मिलिमीटरच्या भिंतीत ‘वरच्यावर’ असं काही नसतं. बाहेर रस झाला की आतला धातू लालबुंद होतो, कित्येकदा वितळतोसुद्धा, आणि या वेळी त्याच्यासमोर उघडी हवा असते. क्रोमियम ऑक्सिजनला धरतं. आतली कड करपलेल्या साखरेसारखी काळी, खरखरीत, फोडांची होते. कामगार त्याला शुगरिंगच म्हणतात. बाहेरून बघाल तर जोड आरशासारखा. आत छोटा आरसा आणि बॅटरी घालून पाहिलं की त्या कडेच्या खाचा दिसतात. दुधाला लागणाऱ्या आतल्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा ०.८ मायक्रॉनच्या आत हवा, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. या खाचा त्याच्या कितीतरी पट खोल. डेअरीत पाइप उघडून घासत नाहीत. त्यातून गरम कॉस्टिक आणि मग सौम्य नायट्रिक ॲसिड फिरवतात. खाचेत बसलेला दुधाचा थर त्या प्रवाहाला सापडत नाही, आणि जंतूंना तेवढा आसरा पुरतो.

म्हणजे मूळचा जोड, लहरी वेड्यावाकड्या असल्या तरी, दुधाच्या बाजूने निर्दोष होता. तो आपण दिसण्यासाठी बिघडवला, आणि बिघडवल्याची खूण अशा बाजूला ठेवली जिथे पार्टीची नजर पोहोचणार नाही. मला या प्रकाराची चीड येते ती यासाठी.

उष्णतेच्या बाबतीत मात्र अतिशयोक्ती करू नये. स्टेनलेस ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात फार वेळ राहिलं, तर त्यातला कार्बन कणांच्या सीमांवर क्रोमियमला बांधून टाकतो आणि तिथे गंजाला वाट मिळते. पण ‘एल’ ग्रेडमध्ये कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आतच असतो, आणि पातळ पाइप त्या पट्ट्यातून चटकन उतरतो. एका जादा फेरीने ३०४ एल गंजू लागतं असं कुणी सांगितलं तर ते खरं मानू नका. जाड प्लेट, साधं ३०४, आणि न थांबता फेरीवर फेरी, असं असेल तर धोका खरा आहे. नक्की होतं ते वाकणं. साध्या पोलादाच्या मानाने हे स्टेनलेस उष्णता एक तृतीयांशच वाहून नेतं आणि जवळजवळ दीडपट फुगतं. त्यामुळे प्रत्येक जादा फेरी फ्लँजला ओढून घेते. दिसायला सुरेख झालेला फ्लँज मग गॅस्केटवर सपाट बसत नाही.

साध्या पोलादात रॉडचं महत्त्व वेगळं. रॉडमध्ये सिलिकॉन आणि मँगनीज घातलेलं असतं, रसातला ऑक्सिजन शोषून घ्यायला. रॉड न देता पुन्हा वितळवत राहिलात तर ती शिदोरी खर्च होते आणि बारीक छिद्रं पडू लागतात. अॅल्युमिनियमचं ६०६१ त्याहून हळवं. त्याचा आपला रस थिजताना मधोमध तडकतो, म्हणून त्यात ५ टक्के सिलिकॉनची ४०४३ ही तार देतात. नुसती टॉर्च फिरवताना कडेचा मूळ धातू आणखी वितळून मिसळतो, सिलिकॉन पातळ होतं आणि मिश्रण पुन्हा तडकण्याच्या टप्प्याकडे सरकतं. शिवाय टी ६ या उष्णतोपचाराने कडक केलेल्या अवस्थेतली सुमारे ३१० मेगापास्कलची ताकद पहिल्याच वेल्डिंगने कडेच्या पट्ट्यात जवळपास निम्म्यावर आलेली असते. दुसरी फेरी तो मऊ पट्टा आणखी रुंद करते.

टायटॅनियमचं सांगितलं पाहिजे, कारण तिथे ही सवय सर्वांत घातक ठरते. तापलेल्या टायटॅनियमला हवा लागली की त्यावर रंग चढतो: आधी फिका सोनेरी, मग निळा, मग पांढरी भुकटी. तपासनीस त्या रंगावरून जोड स्वीकारतो किंवा नाकारतो. आता निळा झालेला जोड चांगल्या आर्गनखाली पुन्हा वितळवला तर तो चांदीसारखा होतो. पण ऑक्सिजन गेलेला नसतो. टायटॅनियम वितळताना स्वतःचं ऑक्साइड स्वतःत विरघळवून घेतं आणि आतून ठिसूळ होतं. वाईट जोड तसाच राहतो, त्याविरुद्धचा पुरावा नाहीसा होतो.

टंगस्टनचं टोक रसाला टेकलं तरी अशीच फसगत होते. कण तुटून आत पडतो. वरून टॉर्च फिरवली की पृष्ठभाग झाकला जातो, पण पोलाद साडेचौदाशे अंशांच्या आसपास वितळतं. त्या उष्णतेत टंगस्टनला काही होत नाही. घनता पोलादाच्या दुपटीहून जास्त, तेव्हा कण खालीच बसतो आणि एक्स-रेमध्ये पांढरा ठिपका म्हणून पुढे येतो. तिथे ग्राइंडर लावून खोदून काढणं हाच उपाय.

पुन्हा वितळवणं हा मुळात दोष आहे असं मात्र मी म्हणत नाही. पूल, क्रेन, जहाजं अशा सतत हिंदकळणाऱ्या बांधणीत भेग जोडाच्या पोटातून क्वचित सुरू होते. ती सुरू होते जोड आणि प्लेट जिथे भेटतात त्या काठाशी. त्या काठालगत, त्यापासून साधारण ०.५ ते १.५ मिलिमीटर अंतर राखून टिग टॉर्च नेली, तर तिथली खाच आणि अडकलेला मळ वितळून जातो आणि उतार सौम्य होतो. आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेच्या शिफारशींत या उपायाला जागा आहे, आणि नेहमीच्या प्रकारच्या जोडांसाठी सोसता येणाऱ्या ताणाच्या पल्ल्यात १.३ पट वाढ धरायची मुभा आहे. पण तिथे फक्त काठ वितळवतात. अँपिअर, वेग, अंतर आधी ठरलेलं असतं आणि नमुन्यावर सिद्ध केलेलं असतं. तसंच कडेला खाच राहिली असेल तर ती रॉड देऊन भरावी. शेवटच्या खळग्यात बारीक तडा असेल तर तो घासून काढून पुन्हा भरावा. या प्रत्येक कामाला कारण सांगता येतं.

मग जोड देखणा कसा करायचा? पहिल्याच फेरीत. बसण्याची जागा, हाताला टेकू, स्वच्छ पुसलेली कड, नीट घासलेलं टंगस्टन, मोठा कप आणि गॅस लेन्स, आर्क विझल्यावरही काही सेकंद चालू ठेवलेला गॅस. यातल्या बहुतेक गोष्टी मालकाने पुरवायच्या असतात. टाकीच्या खाली आडवं पडून, मान वाकडी करून मारलेल्या जोडाला टेबलावरच्या जोडाशी तोलणं हा त्या कारागिरावर अन्याय आहे. स्टेनलेसवर रंग चढला असेल तर तो काढायला पिकलिंग पेस्ट आहे. त्यातलं हायड्रोफ्लोरिक ॲसिड हाडापर्यंत जातं, तेव्हा हातमोजे आणि चष्मा दिल्याखेरीज ते काम कुणाला सांगू नका.

या सभागृहात दूध संघांचे संचालक आहेत, लहान उद्योजक आहेत, म्हणून त्यांना थेट सांगतो. ऑर्डर देताना ‘फिनिशिंग चांगलं हवं’ एवढंच लिहू नका. आतली बाजू बोअरस्कोपने दाखवावी, पर्जिंगच्या ऑक्सिजनची नोंद द्यावी, आणि मारलेला जोड लेखी परवानगीशिवाय पुन्हा वितळवू नये, असं लिहा. परवानगी मागितली गेली तर कारण विचारा, आणि ते पटलं तर पर्जिंग पुन्हा लावूनच काम करू द्या. त्या गॅसचे पैसे वेगळे मागितले तर द्या.