इंदूरचे खत आणि पालकाचा एक वाफा



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. परंतु फळ्यापेक्षा शाळेमागच्या पडीक जागेवर त्यांचा विश्वास अधिक. निवृत्तीनंतर आम्हा माजी विद्यार्थ्यांना आणि आसपासच्या रहिवाशांना हाताशी धरून त्यांनी तेथे सेंद्रिय भाजीपाल्याची प्रात्यक्षिक बाग उभी केली. त्या बागेसंबंधी मला आज एक कबुली द्यावयाची आहे.

आपल्या इंदुरात १९२४ साली इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री ही संस्था स्थापन झाली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड यांनी येथे कंपोस्टची जी पद्धत बसवली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. तिच्यावरील १९३१ च्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचेही नाव आहे. हॉवर्ड सर्वांना ठाऊक. वाड मात्र इंदूरच्या मराठी मंडळींनाही ठाऊक नसावेत, याची खंत वाटते. हॉवर्ड यांनी येथील शेतकऱ्याला आणि पिकावरील किडीलाही आपले शिक्षक मानले, ही गोष्ट सरांना विशेष प्रिय होती.

पद्धत साधी आहे. उथळ खड्ड्यात काडीकचरा, शेण, गुरांच्या मूत्राने भिजलेली गोठ्यातील माती आणि राख यांचे थर द्यावयाचे, ओलावा राखावयाचा आणि ढीग ठरावीक काळाने वरखाली करावयाचा, म्हणजे आत हवा खेळते. सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीच्या वासाचे खत हाती येते. यात कौशल्यापेक्षा धीर लागतो, आणि तोच माझ्यापाशी नव्हता.

पहिल्या वर्षी दसऱ्याला खड्डा भरला. जानेवारीत स्नेहसंमेलन, पाहुण्यांना बाग दाखवावयाची होती. मी सहा आठवड्यांतच खड्डा उपसला. काड्या अजून काड्याच होत्या. असे कच्चे खत मातीत गेले की ते कुजविणारे सूक्ष्म जीव मातीतला नत्र स्वतःच खेचून घेतात आणि रोपे उपाशी राहतात. पालक पिवळा पडला. संमेलनाला दहा दिवस उरले असता, एका सायंकाळी कोणी नाही असे पाहून, मी त्या वाफ्याला पाण्यातून युरिया दिला.

पालक हिरवागार झाला. पाहुण्यांनी सेंद्रिय शेतीची वाखाणणी केली, वर्तमानपत्रात छायाचित्र आले. सर वाफ्यापाशी थांबले, एक पान खुडून चुरगळले आणि शेजारच्या मेथीच्या पिवळ्या वाफ्याकडे पाहत राहिले. मला त्यांनी काहीच विचारले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मेथीच्या वाफ्यावर त्यांच्या अक्षरातली पाटी दिसली: 'खत कच्चे होते.'

ती पाटी पुढे अनेक वर्षे तेथे होती. परगावाहून येणारे शेतकरी पालक पाहून पुढे जात. त्या पाटीपाशी मात्र थांबून प्रश्न विचारीत. पालकावर पाटी लावण्याचे काम माझे होते. ते मी सरांच्या हयातीत केले नाही.

आज सकाळी केले आहे. व्याख्यान संपल्यावर आपण मागे यावे. नवा खड्डा पंधरा दिवसांचा आहे, त्यात लोखंडी सळई खुपसून ठेवली आहे. ती बाहेर काढून पाहावी. हात मात्र जपून लावावा, चांगलीच तापलेली असते.