दाद आणि आकडा

मी कवी माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंत. वैद्यकीय नियतकालिकांवर मी बोलावे याचे आपल्याला नवल वाटेल. पण माझी थोरली बहीण, आमची आपा, चार वर्षांपासून डायलिसिसला जाते आणि मी सोबतीला बसतो. तिचा मुलगा डॉक्टर. एकदा तिथेच तो म्हणाला, ''मामू, माझा लेख आला, पण अंक लहान आहे.'' मला वाटले, पाने कमी असतील!

तो म्हणत होता इम्पॅक्ट फॅक्टरविषयी. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली 'सायन्स'मध्ये लेखांचे संदर्भ मोजण्याची कल्पना मांडली. पुढे सूचीत कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरवण्यासाठी हा आकडा निघाला. हिशेब सोपा आहे. समजा, एखाद्या नियतकालिकाने दोन वर्षांत दोनशे लेख छापले आणि तिसऱ्या वर्षी इतरांनी त्यांचा हजार वेळा उल्लेख केला, तर आकडा पाच. मुशायऱ्यातली दादच म्हणा ना. फरक इतकाच, की इथे लेख खोडून काढण्यासाठी केलेला उल्लेखही दादेत जमा होतो.

मूत्रपिंडाच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. हा आजार वर्षानुवर्षे मुकाट वाढतो, आणि मोजणीची खिडकी दोन वर्षांची. शिवाय या विषयातले मोठे प्रयोग या विषयाच्या नियतकालिकात येतातच असे नाही. मधुमेहींच्या मूत्रपिंडावर कॅप्टोप्रिलचा प्रयोग १९९३ साली, कॅनाग्लिफ्लोझिनचा २०१९ साली, दोन्ही 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. म्हणजे त्यांची दाद 'किडनी इंटरनॅशनल'च्या खात्यात नाही. उलट उपचारांची मार्गदर्शक सूत्रे छापली, की उल्लेखांचा पाऊस पडतो. आंध्रातल्या उद्दानमच्या शेतकऱ्यांचे मूत्रपिंड का निकामी होते, हे शोधत गावोगाव हिंडणाऱ्याच्या वाट्याला तो येईलच असे नाही. मला हे खटकते. भाच्याला नोकरीतल्या बढतीसाठी हाच आकडा विचारतात, तेव्हा जास्तच.

परवा आपाची जुनी फाइल चाळत होतो. रक्ततपासणीच्या चिठ्ठीवर 'ईजीएफआर' असा आकडा होता. क्रिएटिनिनवरून मूत्रपिंड किती गाळते, त्याचा तो अंदाज. त्याचे एक सूत्र २००९ साली प्रसिद्ध झाले. २०२१ साली त्यातून वंशाचा भाग वगळला. आज असल्या सूत्रांवर गावागावांतल्या प्रयोगशाळा चिठ्ठ्या लिहितात. मी भाच्याला विचारले, ''या चिठ्ठीचा उल्लेख कुठे धरतात?''

''कुठेच नाही, मामू.''

तेवढ्यात आपाचे मशीन वाजू लागले आणि तो उठला.